चूक पणजीत, झळ डिचोलीत

१२ जानेवारी २०१५ या एकाच दिवशी गोवा सरकारने ३१ खाणपट्ट्यांच्या नूतनीकरणाचे आदेश काढले. त्याच दिवशी दिल्लीत केंद्राचा अध्यादेश निघाला आणि खाणपट्टे यापुढे लिलावानेच द्यावे लागतील असे ठरले. नोव्हेंबर २०१४च्या पहिल्या आठवड्यापासून चाललेल्या या नूतनीकरणांची संख्या तोवर ८८ झाली होती. तीन वर्षांनी, ७ फेब्रुवारी २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयात न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने ती सगळी रद्द केली. राज्याने केलेल्या घाईबद्दल न्यायालयाने कडक शब्द वापरले. मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या.

डिचोली तालुक्यात त्याचा परिणाम दारोदार दिसला. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचे हप्ते थकले. मांडवीतल्या बार्जी नांगरून पडल्या. गॅरेज, टायरची दुकाने, खाणीच्या वाटेवरच्या खानावळी यांचा धंदा बसला. यातल्या कुणीही कुठल्या फाइलवर सही केली नव्हती. ज्यांच्या खात्यातून ते आदेश निघाले, त्यांच्यावर मात्र या निकालाने कोणतीही राजकीय किंवा फौजदारी जबाबदारी आपोआप येत नव्हती.

मंत्र्याच्या हातून गैर घडले तर पुढे काय होते, या प्रश्नाचा गोव्यातला आढावा म्हणूनच डिचोलीपासून घ्यावा लागतो. सरकारला सरकारच्याच पायरीवर जाब विचारला जात नाही, तेव्हा प्रकरण न्यायालयात जाते. न्यायालयाकडे आदेश रद्द करण्याचे हत्यार आहे. ते चालले की मंत्र्याला ओरखडाही उठत नाही आणि गाव कोलमडते. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडच्या दोन तालुक्यांनी गेल्या पंधरा वर्षांत हे सगळ्यात जास्त सोसले आहे, असे माझे मत आहे.

८८ पट्ट्यांच्या गोष्टीचा दुसरा धागा पेडण्यात जातो. नूतनीकरणांची सुरुवात मनोहर पर्रीकर यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या अखेरच्या दिवसांत झाली असली, तरी बहुतेक आदेश निघाले ते लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री आणि खाणमंत्री असताना. पार्सेकर हरमलचे, तेव्हा मांद्रे मतदारसंघाचे आमदार, पेशाने शिक्षक. गोवा फाउंडेशनच्या तक्रारीवरून लोकायुक्त न्या. प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी या व्यवहाराची चौकशी केली. जानेवारी २०२०मध्ये त्यांनी पार्सेकर, तत्कालीन खाण सचिव आणि तत्कालीन खाण संचालक यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवून तपास करावा, अशी शिफारस केली. आपण उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार आणि आधीच ठरलेल्या धोरणानुसार वागलो, अशी पार्सेकरांची बाजू होती. तिचा उल्लेख केला पाहिजे, कारण कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेले नाही. पण दोषी की निर्दोष हे ठरायला तपास तरी व्हावा लागतो. सरकारने शिफारस मानली नाही. त्या सरकारचे प्रमुख होते साखळीचे आमदार प्रमोद सावंत, आणि साखळी डिचोली तालुक्यातच येते. खाण बंद पडल्याने ज्यांची चूल विझली, त्या लोकांचाच प्रतिनिधी मुख्यमंत्री होता. त्या तपासात सर्वाधिक रस त्याला असायला हवा होता.

न्या. मिश्रा सप्टेंबर २०२०मध्ये निवृत्त झाले. जाताना त्यांनी सांगितले की आपण लोकसेवकांविरुद्ध २१ अहवाल दिले आणि सरकारने त्यांपैकी एकही स्वीकारला नाही. जनतेच्या पैशावर ही संस्था चालवायचीच कशाला, ती बंद करून टाका, असेही त्यांनी सुनावले. एका निवृत्त मुख्य न्यायमूर्तीने हे म्हणावे, याहून जड पुरावा शोधायची गरज नाही. सरकारने त्यातून काय घेतले? जानेवारी २०२१मध्ये विधानसभेने लोकायुक्त कायद्यात दुरुस्ती केली आणि लोकायुक्तांच्या शिफारशींना जो काही धाक होता तोही कमी केला. विरोधकांनी आरडाओरडा केला. विधेयक मंजूर झाले.

त्याआधीची वाटही अशीच अहवालांनी भरलेली आहे. चीनला खनिज जाऊ लागले तेव्हा, २०१०-११च्या हंगामात, गोव्यातून सुमारे ५ कोटी ४० लाख टन माल बाहेर गेला. पर्रीकर विरोधी पक्षनेते आणि लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी २०११मध्ये बेकायदा खाणींवर अहवाल आणला, तो सभागृहात अडला. ७ सप्टेंबर २०१२ रोजी न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल संसदेत ठेवला गेला. त्यात सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज होता. तीन दिवसांनी, आता मुख्यमंत्री झालेल्या पर्रीकरांनी खाणी थांबवल्या आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने सांगितले की हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. म्हणजे त्यानंतरची जवळपास पाच वर्षे जे उत्खनन चालले त्याला कायद्याचा आधार नव्हता. त्या काळात खाण खाते मुख्यमंत्री दिगंबर कामत यांच्याकडे होते. विशेष तपास पथक आले, जाबजबाब झाले, वर्षे गेली. सप्टेंबर २०२२मध्ये कामत काँग्रेसच्या इतर सात आमदारांबरोबर भाजपमध्ये गेले आणि ऑगस्ट २०२५मध्ये सावंत मंत्रिमंडळात मंत्री झाले. २०१२ची निवडणूक ज्या प्रश्नावर लढली गेली, त्या प्रश्नाचा राजकीय निकाल हा असा लागला. असेच आणखी एक उदाहरण: माजी वीजमंत्री मॉविन गुदिन्हो यांच्याविरुद्ध वीज सवलत प्रकरणी तक्रार करणारे आमदार १९९८मध्ये पर्रीकरच होते; २०१७मध्ये पर्रीकरांच्याच मंत्रिमंडळात गुदिन्हो मंत्री झाले. आरोप खरा की खोटा हा कोर्टाचा प्रश्न. पण ज्याने आरोप केला त्यानेच शेजारची खुर्ची दिली, तर लोकांनी कोणत्या वेळच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

मग मतदार काय करतो? पेडण्याच्या मतदाराने जे करता येण्यासारखे होते ते केले. २०१७च्या निवडणुकीत या एका तालुक्याने दोन सत्ताधारी दिग्गज घरी बसवले: मांद्रेत खुद्द मुख्यमंत्री पार्सेकर आणि पेडण्यात मंत्री राजेंद्र आर्लेकर. मांद्रेतून काँग्रेसचे दयानंद सोपटे, पेडण्यातून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो) बाबू आजगावकर निवडून आले. दीड वर्षात, ऑक्टोबर २०१८मध्ये, सोपटे राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीत भाजपच्या तिकिटावर जिंकले. मार्च २०१९मध्ये, पर्रीकरांच्या निधनाला पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी मध्यरात्री मगोचा विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन केला. आजगावकर उपमुख्यमंत्री झाले. पेडण्याने ज्या पक्षाविरुद्ध कौल दिला, त्याच पक्षाकडे दोन्ही जागा दोन वर्षांत पोहोचल्या.

या पक्षांतराविरुद्धचे अपात्रतेचे अर्ज आले सभापतींपुढे. सभापती होते राजेश पाटणेकर, डिचोलीचे आमदार. निवाडा आला २० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे दोन वर्षांनी, आणि अर्ज फेटाळले गेले. फेब्रुवारी २०२२मध्ये उच्च न्यायालयानेही सभापतींचा निर्णय कायम ठेवला. तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती. कायद्याच्या चौकटीत ते बसले असेल. पण पाच वर्षांतून एकदा मिळणारा लोकांचा जाब विचारण्याचा हक्क या मार्गाने रिकामा होतो, हे पेडण्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही. त्यात गोव्याचे सभागृह चाळीस जणांचे. घटनेने छोट्या राज्याला मुख्यमंत्र्यासह बारा मंत्री दिले आहेत. उरलेल्या सत्ताधारी आमदारांपैकी बऱ्याच जणांकडे महामंडळे येतात. आपल्याच मंत्र्याला उठून प्रश्न विचारील असा रिकाम्या हाताचा आमदार सत्ताधारी बाकांवर शोधावा लागतो.

पेडण्याचा आजचा खरा घोर जमिनीचा आहे. मोपाच्या पठारावर विमानतळ आला, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि धारगळपासून हरमलपर्यंतच्या जमिनीला असे भाव आले की शेत, बागायत, डोंगर उतार यांकडे बघण्याची दृष्टीच बदलली. विमानतळाच्या पर्यावरण परवान्याचा इतिहासही इथे सांगायला हवा. पेडण्याचे हनुमान आरोसकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ मार्च २०१९ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने परवाना स्थगित केला. सरकारने अर्जात आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती दडवली, असे न्यायालयाला आढळले. अर्जातली माहिती खरी असणे ही सरकारची पहिली जबाबदारी. ती पाळली गेली नाही हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले. फेरविचारानंतर जानेवारी २०२०मध्ये अटींसह काम पुन्हा सुरू झाले. दडवणाऱ्यांपैकी कुणाला काय झाले, याची चर्चा नंतर कुणी केलीच नाही.

नगरनियोजन खात्याची कथा त्याहून गुंतागुंतीची. २००६चा प्रादेशिक आराखडा बाबूश मोन्सेरात मंत्री असताना अधिसूचित झाला आणि गोवा बचाव अभियानाच्या रेट्याने २००७च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला. त्या विजयाने लोकांना वाटले की आता धडा मिळाला. पण त्यानंतर आराखडा बदलण्याऐवजी आराखड्याला भोके पाडण्याचा मार्ग निघाला. २०२३मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. आराखड्यातल्या अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करायच्या, असे त्याचे नाव. प्रत्यक्षात एकेका सर्व्हे नंबरची जमीन अर्जावर सेटलमेंट म्हणजे बांधकामयोग्य क्षेत्रात जाऊ लागली. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाची व्याप्ती आवळली. तोवर २०२४मध्ये कलम ३९-अ आलेले होते, क्षेत्रबदलाची वाट पुन्हा उघडणारे. त्याआधी, २०२३मध्ये, पेडणे तालुक्याच्या क्षेत्र आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आणि तालुक्याच्या आमदारांनीही विरोध केला, म्हणून तो बाजूला पडला. मंत्री विश्वजित राणे यांचे म्हणणे होते की आपण कायद्यानेच चाललो आहोत. माझा आक्षेप इथेच आहे. अधिकार कायद्याने दिलेला असला तरी तो बंद दाराआड, एकेका अर्जावर वापरला जातो तेव्हा गावाला आधी कळत नाही. कळते ते जेसीबी आल्यावर. मग ग्रामसभा, मग मोर्चा, मग वर्गणी काढून वकील. गाव सरकारवर विश्वास ठेवत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हा क्रम एकदा पेडण्यात जाऊन पाहावा.

डिचोलीकडे परत येऊ. ३ मे २०२५च्या पहाटे शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सहा भाविकांचा जीव गेला. सत्तरहून अधिक जखमी झाले. सोवळे पाळून, वेताची काठी घेऊन होमकुंडाकडे निघालेल्या धोंडांमध्ये, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांमध्ये, हे घडले. गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल. सरकारने तातडीने उत्तर गोव्याचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि इतर अधिकारी हलवले. महसूल सचिवांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने देवस्थान समिती, पंचायत, प्रशासन आणि पोलीस या सगळ्यांच्या त्रुटी दाखवल्या. गृह खाते मुख्यमंत्र्यांकडे आहे; अहवालाच्या वाटेवर जबाबदारी अधीक्षकापर्यंत चढली आणि थांबली. डिसेंबर २०२५मध्ये हडफड्याच्या नाईट क्लबच्या आगीत २५ माणसे गेली, तेव्हाही हाच क्रम: काही अधिकारी निलंबित, मालकांचा शोध, चौकशी. बदली ही शिक्षा नव्हे. नव्या जागी तेच वेतन, तीच श्रेणी. आणि ज्याने मंत्र्याच्या तोंडी सूचनेने एखादा परवाना दिला असेल तो अधिकारी यातून एवढेच शिकतो की संकटात आपल्यामागे कुणी उभे राहणार नाही.

मंत्री पदावरून गेलेच नाहीत असे नाही. डिसेंबर २०२१मध्ये नगरविकास मंत्री मिलिंद नाईक यांनी एका महिलेच्या शोषणाचे आरोप झाल्यावर राजीनामा दिला. निवडणूक दोन महिन्यांवर होती. जून २०२५मध्ये कला व संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांना वगळण्यात आले. त्यांच्या खात्यातल्या कला अकादमीच्या नूतनीकरणाचे काम निविदेशिवाय दिले गेले होते आणि जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला होता. त्या वादात ते टिकले. गेले ते आदिवासी कल्याण खात्यातल्या भ्रष्टाचाराबद्दल जाहीरपणे बोलल्यावर. ते खाते मुख्यमंत्र्यांकडे होते. राजीनाम्याचे कारण लोकांचे नुकसान नसून पक्षाची अडचण असते, असा लोकांचा समज होतो तो अशा ठिकाणी.

मंत्र्यांच्या वागणुकीचीही दोन उदाहरणे जवळजवळ ठेवून पाहण्यासारखी आहेत. मिकी पाशेको यांनी २००६मध्ये वीज खात्याच्या एका कनिष्ठ अभियंत्याला थप्पड मारली. खटला खालच्या कोर्टातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, सहा महिन्यांची शिक्षा कायम झाली, आणि २०१५मध्ये मंत्रिपद सोडून त्यांना तुरुंगात जावे लागले. नऊ वर्षे लागली, पण एका साध्या अभियंत्याची तक्रार शेवटपर्यंत पोहोचली. जून २०२५मध्ये आरोग्यमंत्रीही असलेल्या विश्वजित राणे यांनी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कॅमेऱ्यासमोर एका वरिष्ठ डॉक्टरला फैलावर घेऊन निलंबनाचा हुकूम सोडला. डॉक्टर एकजुटीने उभे राहिले, मुख्यमंत्र्यांना निलंबन होणार नाही असे जाहीर करावे लागले, मंत्र्यांनी माफी मागितली. पहिल्यात कायद्याने काम केले, दुसऱ्यात संघटनेने. ज्याच्यामागे संघटना नाही आणि नऊ वर्षे कोर्टात काढण्याची ताकद नाही, अशा पंचायत सचिवाचे किंवा तलाठ्याचे काय होत असेल?

नोकऱ्यांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. २०२४च्या शेवटच्या महिन्यांत सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक आल्या, अटका झाल्या. काही आठवड्यांतच पोलिसांनी सांगितले की राजकारण्यांचा संबंध आढळलेला नाही. न्यायालयीन चौकशीची मागणी सरकारने मानली नाही. पैसे देणारेही आपलेच लोक होते आणि त्यांनी ते दिले, कारण नोकरी अशीच मिळते याची त्यांना खात्री होती. सरकारवरचा विश्वास उडाल्याचे याहून दुखरे लक्षण मला माहीत नाही.

बाहेर काय घडते? लुई बर्जर या अमेरिकी कंपनीने गोव्याच्या पाणी आणि मलनिस्सारण प्रकल्पासाठी लाच दिल्याची कबुली २०१५मध्ये अमेरिकेत दिली, तेव्हा इथे माजी सार्वजनिक बांधकाम मंत्री चर्चिल आलेमाव यांना अटक झाली. गोव्यातल्या लाचेचा पत्ता न्यू जर्सीतून लागला. १९५४मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाऊन नावाच्या जमिनीचा वाद झाला. बॉम्बफेकीच्या सरावासाठी सरकारने घेतलेली शेतजमीन युद्धानंतर मूळ कुटुंबाला परत द्यायला अधिकाऱ्यांनी टाळाटाळ केली होती. कृषिमंत्री सर थॉमस डगडेल यांनी अधिकाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. आपल्याकडे १९५८मध्ये मुंद्रा प्रकरणी न्या. छागला यांनी उघड सुनावणी घेऊन काही आठवड्यांत अहवाल दिला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी गेले. महाराष्ट्रात जानेवारी १९८२मध्ये उच्च न्यायालयाच्या सिमेंट प्रकरणातील निकालानंतर बॅ. अंतुले आणि मार्च १९८६मध्ये मुलीच्या एम.डी.च्या गुणांवरून शिवाजीराव पाटील निलंगेकर पायउतार झाले. त्या काळात माणसे अधिक सज्जन होती असे मी मानत नाही. चौकशी उघडी होती, लवकर संपत होती आणि ताशेरे आले की पदावर राहणे कठीण होत होते. २०१८च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ आले आणि लोकसेवकाच्या सरकारी निर्णयाचा तपास सुरू करायलाही आधी सरकारची मंजुरी लागू लागली. ज्याची चौकशी त्याच्याच घरातून परवानगी, अशी ही व्यवस्था आहे.

डिचोलीत आज खाणी पुन्हा सुरू होत आहेत, आता लिलावाने. डिसेंबर २०२२च्या पहिल्या लिलावात डिचोलीचा ब्लॉक वेदांताला, शिरगाव-मये साळगावकरांना आणि मोंत द शिरगाव बांदेकरांना गेला. मुळगाव आणि शिरगावच्या लोकांची मागणी साधी आहे: आमची घरे, देवळे, तळी, शेते पट्ट्याच्या हद्दीतून वगळा आणि तसे कागदावर द्या. तोंडी आश्वासन त्यांना पुरत नाही. ८८ पट्ट्यांच्या वेळी जे झाले ते पाहिलेल्या गावाने कागद मागणे योग्यच आहे.

विधानसभेची पुढची निवडणूक २०२७च्या सुरुवातीला आहे. प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला पेडणे आणि डिचोलीच्या मतदाराने विचारण्यासारखे तीन प्रश्न माझ्याकडे आहेत. न्या. मिश्रा यांचे ते २१ अहवाल, सरकारने ते का नाकारले त्या कारणांसह, तुम्ही सभागृहाच्या पटलावर ठेवणार का? चौकशी समितीचा अहवाल आल्यापासून ठरलेल्या मुदतीत, संबंधित मंत्र्याच्या सहीचे उत्तर प्रसिद्ध करण्याचा नियम करणार का? आणि क्षेत्रबदलाचा प्रत्येक अर्ज, अर्जदाराच्या नावासकट, मंजुरीआधी त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार का? यातल्या कशालाही नवी संस्था, नवी इमारत, नवा आयोग लागत नाही. २१ अहवाल तर लिहून तयार आहेत.